आधी वेलांटी की आधी अक्षर: साठीनंतर नवीन ब्लॉग शिकणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न परवा रात्रीच वाचला, पण घाईघाईत चार ओळी टाकण्यात अर्थ नव्हता, म्हणून आज सकाळी चहा घेऊन निवांत बसलोय. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगतो.

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ताई बोरिवलीच्या, वय ६७, शाळेतून रिटायर झालेल्या. बारा वर्षं एका ब्लॉगवर आजोळच्या आठवणी, कविता, मधूनच एखादी रेसिपी असं लिहीत होत्या, वाचणारे ठरलेले शंभरेक. दिवाळीत मुलाने हौसेने सगळं उचलून नवीन प्लॅटफॉर्मवर नेऊन दिलं आणि तेव्हापासून, म्हणजे तीन महिने, एक पोस्ट धड जात नाहीये. कवितेच्या ओळी फाकतात, फोटो भलतीकडे जाऊन बसतो, डावीकडचा मेनू मधेच गायब होतो, एकदा तर अर्धवट लिहिलेलं पब्लिश होऊन सगळ्यांना मेल गेला आणि ताईंनी लाजून ती पोस्टच डिलीट केली. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो "आई, सोप्पं आहे गं" आणि फोन ठेवला की ताईंना रडू येतं. प्रश्न असा की या वयात हे जमेल का, की आता गाशा गुंडाळायचा.

माझं सांगायचं तर मी गिरगावातल्या एका छापखान्यात टायपिस्ट म्हणून लागलो, मग तिथेच डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवायचं काम, केलं, छापखाना बंद झाल्यावर क्लासेस घेतले, आणि गेली अकरा वर्षं मुलुंडला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आठवड्यातून तीन दिवस साठीच्या पुढच्या लोकांना कॉम्प्युटर, ब्लॉग, काय लागेल ते शिकवतो. मी स्वतः ६४ वर्षांचा. म्हणजे शिकवणारा पण त्याच बोटीत आहे.

तुम्ही वयाबद्दल विचारलंत, पण तुमच्या तक्रारी मी दोनदा वाचल्या आणि मला त्यात एकही नवशिक्याची तक्रार सापडली नाही. नवशिका विचारतो, लिहायचं कुठे? तुम्ही विचारताय, एन्टर मारल्यावर हे एवढी जागा का सोडतंय. नवशिक्याला एन्टरने किती जागा सुटायला हवी हे माहीतच नसतं हो, त्यामुळे तो वैतागत पण नाही. तुम्हाला बारा वर्षांची सवय आहे, हात कुठे जायला पाहिजे ते हाताला पाठ आहे, आणि नवीन जागी तो हात जुन्याच ठिकाणी जातोय. हा त्रास वेगळा आणि त्याचा उपाय पण वेगळा.

माझंच सांगतो. मी मराठी टायपिंग टाइपरायटरवर शिकलो. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी दिसते. 'दिवस' लिहायचं तर आधी वेलांटी, मग द, मग व, मग स. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये पण मी तसाच कीबोर्ड लावून घेतला होता, म्हणजे पंचवीस एक वर्षं हाताला हेच वळण. मग युनिकोड आलं, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत. त्यात नियम उलटा, आधी अक्षर आणि मग वेलांटी, कारण बोलताना द आधी येतो. सांगायला एका वाक्याचा फरक, मला पहिल्या दिवशीच कळला. पण हाताला कळायला तीन महिने गेले. तेव्हा वय ४६, डोकं शाबूत, काम रोजचं, तरी घाईत लिहिलं की स्क्रीनवर एक ठिपक्याठिपक्यांचं गोल यायचं आणि त्याला लटकलेली एकटी वेलांटी. ते ठिपक्यांचं गोल बघून माझं जेवढं रक्त आटलंय तेवढं मालकाच्या शिव्या खाऊन पण आटलं नसेल. आणि शेजारी बसलेला एकोणीस वर्षांचा पोरगा, ज्याने आयुष्यात टाइपरायटरला हात लावला नव्हता, तो आठवड्यात माझ्या पुढे गेला. तो हुशार होता म्हणून नाही, त्याला पुसायचं काही नव्हतं.

त्याच छापखान्यात एक जुने कंपोझिटर होते, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, खिळे, जुळवून मजकूर लावणारे. खिळे जुळवण्यात त्यांचा हात असा की समोर मजकूर बघत बघत, खिळ्यांच्या खणांच्या पेटीकडे ढुंकूनही न बघता ते बरोबर खणातून बरोबर खिळा उचलायचे, काना असो, रफार असो, निम्मा त असो. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या वळणाचे खिळे आणि दुसऱ्या फाउंड्रीचे, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्याचे, खिळे ते बोटाने वेगळे सांगायचे. डीटीपी आलं तेव्हा मालकाने त्यांना कीबोर्डवर बसवलं आणि दोन आठवड्यांत वेग बघितला. दोन आठवडे! ते आपणहून सोडून गेले. मला आजही वाटतं की त्यांना तीन महिने दिले असते आणि कोणी मागे उभं राहून घड्याळ बघितलं नसतं तर ते तिथे पण पहिले आले असते. हे सांगायचं कारण, तुम्ही तीन महिने झाले म्हणताय पण त्यात प्रत्यक्ष किती वेळा बसलात? महिन्यातून दोन पोस्ट म्हणजे सहा वेळा. सहाव्यांदा सायकलवर बसलेलं माणूस पडतंच.

आता तुमच्या एकेका तक्रारीकडे येतो. तुम्ही प्लॅटफॉर्मचं नाव लिहिलं नाहीत पण वर्णनावरून हा वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर आहे असं धरून चालतो. वर्डप्रेसमध्ये तो डिसेंबर २०१८ मध्ये आला. त्याच्या आधी लिहायची जागा म्हणजे एक मोठा कोरा कागद होता, वहीसारखा. आता तो कागद नाहीये, डब्यांची (ते ज्याला ब्लॉक म्हणतात) उतरंड आहे असं समजा. प्रत्येक परिच्छेद एक डबा, प्रत्येक फोटो एक डबा, मथळा एक डबा. एवढं एक डोक्यात बसलं की निम्म्या गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

कवितेच्या ओळी फाकतात कारण तुम्ही प्रत्येक ओळीनंतर एन्टर मारताय आणि एन्टर म्हणजे त्याला वाटतं नवीन डबा. बारा ओळींची कविता म्हणजे बारा डबे, आणि दोन डब्यांच्या मध्ये फट असतेच. शिफ्ट दाबून धरायचं आणि मग एन्टर, की त्याच डब्यात पुढची ओळ येते. कडवं संपलं की नुसता एन्टर. कवितेसाठी व्हर्स नावाचा वेगळा डबा पण आहे ज्यात तुम्ही सोडलेल्या जागा जशाच्या तशा राहतात, पण आत्ता तो नको, आत्ता फक्त शिफ्ट-एन्टर. हे माझ्या वेलांटीसारखं आहे, पहिले दहा दिवस चुकणार.

फोटो भलतीकडे जातो याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे फोटोच्या डब्याला डावीकडे किंवा उजवीकडे असं अलाइनमेंट लागलंय, मग खालचा परिच्छेद वर सरकून फोटोच्या बाजूला येऊन बसतो आणि वाटतं की फोटोच हलला. फोटोवर एकदा क्लिक करा, वर पट्टी येईल, त्यात अलाइनमेंट काढून टाका किंवा मध्यभागी ठेवा. दुसरं कारण मी वर्गात फार बघतो आणि ते कोणी सांगत नाही. आपल्या पिढीला पहिल्यांदा कॉम्प्युटर शिकवला तेव्हा डबल क्लिक शिकवला. मग माणूस सगळीकडे डबल क्लिक करतो, आणि साठीनंतर हात थोडा हलतो, त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या क्लिकच्या मध्ये माउस दोन सूत सरकतो. सरकला की कॉम्प्युटर त्याला ओढणं समजतो. त्या डब्याच्या पट्टीवर सहा ठिपक्यांचं एक चिन्ह असतं ना, ती डबा उचलायची कडी आहे, तिच्यावर असं झालं की डबा उचलून दुसरीकडे ठेवला गेला. माझ्याकडे एक रेल्वेतून रिटायर झालेले काका होते, ७१ वय, ते महिनाभर म्हणायचे की यांचं सॉफ्टवेअर बिघडलंय. मी एक दिवस त्यांच्या स्क्रीनकडे न बघता फक्त हाताकडे बघत बसलो, तेव्हा कळलं. ब्राउझरमध्ये कुठल्याही बटणाला, कुठल्याही लिंकला डबल क्लिक लागत नाही. एकदाच क्लिक, आणि क्लिक करताना मनगट टेबलावर टेकलेलं. चुकून काही हललंच तर कंट्रोल-झेड, लगेच, दुसरं काही दाबायच्या आधी.

माझा संशय आहे की तुमचं ते अर्धवट पोस्ट पब्लिश होण्याच्या मागे पण हाच डबल क्लिक असेल. पब्लिशचं बटण एकदा दाबलं की ते लगेच छापत नाही, बाजूला एक पट्टी उघडून विचारतं की नक्की ना, आणि तिथे परत पब्लिशचं बटण असतं. डबल क्लिकवाल्याचा किंवा "काही झालंच नाही" म्हणून परत दाबणाऱ्याचा दुसरा क्लिक त्याच्यावर पडतो. गेलेला मेल परत बोलावता येत नाही, ते विसरून जा. पण नंतर तुम्ही पोस्ट कितीही दुरुस्त केलीत तरी लोकांना परत मेल जात नाही, आणि मेलमधल्या लिंकवर क्लिक करणाऱ्याला दुरुस्त केलेलीच पोस्ट दिसते, तेव्हा लाजून डिलीट करायची गरज नव्हती. पुढच्या वेळी शांतपणे पूर्ण करून सेव्ह किंवा अपडेट, जे बटण दिसेल ते दाबा.

मेनू गायब होण्याचं जरा सविस्तर सांगतो कारण यात लोक सगळ्यात जास्त घाबरतात. लिहायला बसलं की एडिटर पूर्ण स्क्रीन व्यापतो, हे २०२० पासून मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, लिहिताना लक्ष विचलित होऊ नये म्हणून म्हणे. परत यायला वर डाव्या कोपऱ्यात डब्ल्यूचा लोगो किंवा तुमच्या साइटचं चिन्ह असेल त्याच्यावर क्लिक. कायमचंच नको असेल तर वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांत जाऊन फुलस्क्रीन मोडवरची खूण काढा. तिथे आहातच तर टॉप टूलबार नावाच्या पर्यायावर खूण करा, म्हणजे ती पट्टी प्रत्येक डब्याच्या डोक्यावर नाचत बसणार नाही, वर एका जागी गप्प राहील. मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी हे दोन बदल करून देतो.

पण मेनू जायचं अजून एक कारण असतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किंवा एरवीही आपण कंट्रोल आणि अधिक दाबून अक्षर मोठं करतो. वर्डप्रेस स्क्रीनची रुंदी मोजतं आणि ती ७८२ पिक्सेलच्या खाली गेली की त्याला वाटतं हा फोन आहे, मग सगळा मेनू तीन आडव्या रेघांच्या मागे दडवून ठेवतं. साधा लॅपटॉप असेल, १३६६ पिक्सेलवाला, तर झूम १७५ टक्के केलं की नेमकं तिथे पोचतो. म्हणजे कालच्या दिवशी मेनू होता, आज नाही, आणि मधे तुम्ही फक्त अक्षर मोठं केलंय. कोणाला सुचणार हो हे? दीडशे टक्क्यांपर्यंत मेनू बारीक चिन्हांच्या रूपात का होईना राहतो. दीडशेला पण दिसत नसेल तर कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या, वाचायचा नाही आणि लांबचा पण नाही. प्रोग्रेसिव्ह चष्म्याने मान वर करून स्क्रीन बघणारी माणसं मी रोज बघतो, अर्ध्या तासात मान आणि डोकं दोन्ही धरतं, आणि मग दोष वयाला.

एवढं झालं दुरुस्तीचं. पण हे सगळं पाठ केलंत तरी तुमचा त्रास संपेल असं नाही, कारण मला मूळ दुखणं वेगळ्या ठिकाणी वाटतं. तुम्ही एकाच वेळी दोन कामं करताय. आजोळचा फणस आठवताय आणि त्याच वेळी हे बटण कुठे ते बटण कुठे बघताय. जुन्या ब्लॉगवर बटणांचं काम हात करायचा, डोकं फणसाकडे मोकळं असायचं. आता डोकंच बटणांना जातंय, म्हणून लिखाण पण कोरडं वाटतं आणि बटण पण चुकतं, दोन्हीकडून हार. तेव्हा लिहिणं आणि छापणं वेगळं करा. लिहायचं नेहमीच्या जागी, वर्डमध्ये, गुगल डॉक्समध्ये, फोनच्या नोट्समध्ये, वहीत लिहून मग टाइप केलंत तरी चालेल. दुसऱ्या दिवशी, हो मुद्दाम दुसऱ्या दिवशी, लिखाण संपल्यावर ते प्लॅटफॉर्मवर न्यायचं, आणि त्या दिवशी तुम्ही लेखिका नाही, छापखान्यातल्या कामगार. पेस्ट करताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही, म्हणजे वर्डचे रंग आणि फॉन्ट सोबत येत नाहीत. याचा अजून एक फायदा, पावसाळ्यात वायफाय गेलं, लॉगिन संपलं, काहीही झालं तरी मजकूर तुमच्याकडे आहे. वर्डप्रेस मिनिटामिनिटाला आपोआप सेव्ह करतं हे खरं आहे, पण मी एकदा दुसऱ्याच एका साइटवर दोन तास लिहिलेलं एका क्षणात घालवलंय, त्या दिवसानंतर मी कोणाच्या ऑटोसेव्हवर विसंबत नाही. जुन्या काळी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं काही असेल तर ते सरळ पेस्ट करू नका, तिथे भलतीच अगम्य अक्षरं दिसतील, आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावं लागतं.

दुसरं, एक रफ वही ठेवा. म्हणजे मुलाला सांगून दुसरी एक रिकामी साइट उघडून घ्या, प्रायव्हेट, जिला एकही वाचक नाही. वर्डप्रेस डॉट कॉमवर असाल तर फुकट होते. मुलाने स्वतः होस्टिंग, म्हणजे साइटसाठी भाड्याची जागा, घेऊन केलं असेल तर थोडी खटपट आहे, मग ड्राफ्ट आणि प्रिव्ह्यूवरच सराव करा. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी कोणी लेख लिहीत नाही. पहिल्या दिवशी "आज गुरुवार, बाहेर पाऊस आहे" एवढंच लिहायचं, छापायचं, आणि लगेच डिलीट करायचं. डिलीट म्हटलं की सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मग ट्रॅशमध्ये जाऊन ते परत आणायचं. वर्डप्रेसमध्ये टाकलेली पोस्ट तिथे तीस दिवस राहते. तीन वेळा टाकून तीन वेळा परत आणली की माणसाचा खांदा खाली येतो, अक्षरशः दिसतं. भीती अशी समजावून जात नाही, तुम्ही कितीही सांगा की काही बिघडत नाही, आपल्या हाताने बिघडवून आपल्या हाताने परत आणलं की जाते.

आणि हे रोज दहा मिनिटं. रविवारी चार तास बसून नाही. चार तास बसलात तर पहिल्या तासाला येतं, दुसऱ्याला चुकतं, तिसऱ्याला रडू येतं. दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी, सकाळी पूजा झाली की किंवा दुपारी सिरियलच्या आधी, पोस्ट महत्त्वाची नाही, फक्त तोच रस्ता रोज चालायचा: नवीन पोस्ट, शीर्षक, दोन ओळी शिफ्ट-एन्टरने, एक फोटो, पब्लिश, डिलीट. दोन-तीन आठवडे. कंटाळा येईल, येऊ दे, कंटाळा आला म्हणजे हाताला पाठ व्हायला लागलंय.

एक वही ठेवा पण त्यात मुलाची भाषा लिहू नका, तुमची लिहा. "वर उजवीकडे निळं बटण, दाबलं की परत विचारतं" असं. वर तारीख टाका, कारण या लोकांना दर काही महिन्यांनी बटणं हलवायची हौस असते आणि मग जुनं पान फाडून टाकायचं, त्यात तुमची चूक नाही.

आता मुलाबद्दल. हा परिच्छेद त्याला वाचायला द्या. माझ्या वर्गात एकदा एक मुलगी आईला मदत करायला आली. आई पहिला मेनू शोधत होती, मुलीने "थांब, दे इकडे" म्हणत माउस घेतला, टकटकटक, दहा सेकंदांत पोस्ट तयार. "कळलं?" आई म्हणाली, "हो हो, कळलं." मी पाच मिनिटांनी आईला म्हटलं आता तुम्ही करा, तर पहिला क्लिक कुठे ते सुद्धा सांगता येईना. त्या माउलीने आयुष्यभर शेकडो मुलांना पाढे शिकवले होते, तिला माहीत होतं की फळ्यावर मास्तरांनी गणित सोडवलं म्हणून मुलाला येत नाही, पण लेकीला सांगणार कोण. तेव्हा नियम असा की मदत करणाऱ्याचे हात मांडीवर. तोंडाने सांगायचं, माउसला हात लावायचा नाही, समोरचा कितीही वेळ लावू दे. आणि "सोप्पं आहे" हा शब्द बंद. सोपं आहे म्हटलं आणि नाही आलं तर माणसाला वाटतं आपण मठ्ठ. त्यापेक्षा "हे विचित्रच ठेवलंय त्यांनी, मला पण शोधायला लागलं होतं" म्हणा, बहुतेक वेळा ते खरंही असतं. तो पुण्याला आहे तर गुगल मीटवर तुम्ही तुमची स्क्रीन दाखवा आणि त्याने नुसतं बघून सांगावं.

स्क्रीनवरून आठवलं, कृपा करून गुगलवर "ब्लॉग हेल्पलाइन नंबर" असं शोधून सापडलेल्या कुठल्याही नंबरला फोन करू नका. कोणी एनीडेस्कसारखं काही, म्हणजे आपला कॉम्प्युटर दुसऱ्याला लांबून चालवू देणारं सॉफ्टवेअर, टाकायला सांगितलं, ओटीपी मागितला, दहा रुपये भरा म्हणालं, तर तिथेच फोन ठेवायचा. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एकांचे पैसे असेच गेले. असं काही झालंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर तक्रार.

भाषेचं तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. वर्डप्रेस मराठीत पण दिसतं, सेटिंगमधून भाषा बदलता येते, आणि मराठीवर प्रेम म्हणून मी पहिल्या वर्षी सगळ्यांना तेच करून दिलं होतं. मग अडचण अशी झाली की यूट्यूबवरचे व्हिडिओ, शेजारची सून, मुलगा, सगळे इंग्रजी नावं सांगणार आणि आमचे लोक मराठी स्क्रीनवर ती शोधत बसणार. आता मी बटणं इंग्रजीत ठेवायला सांगतो, मोजून पंधरा शब्द आहेत. ज्यांना इंग्रजी वाचायला खरंच जड जातं त्यांना मात्र मराठीच करून देतो. तुम्ही शिक्षिका होतात, तुम्हाला इंग्रजीत त्रास होणार नाही.

बाकी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. तुम्ही लॅपटॉपवर करताय की फोनवर? फोनवर फोटो टाकणं सोपं, लांब लिखाण सांभाळणं अवघड, बोट जाड आणि बटण बारीक. सुरुवात लॅपटॉपवर करा असं मी म्हणेन, पण हात दुखत असतील तर टॅबलेट बरा. आणि मुळात तुम्हाला हलायचं होतं का? जुना ब्लॉग ब्लॉगरवर असेल तर ते १९९९ पासून आहे, २००३ मध्ये गुगलने घेतलं आणि आजही चालू आहे. मुलाने तिथलं डिलीट केलं नसेल तर परत जायला काहीही हरकत नाही, त्यात कसली आलीये हार. शंभर वाचकांना पोस्ट कुठल्या कंपनीच्या कपाटात ठेवली आहे याच्याशी काय घेणंदेणं. मधला रस्ता पण आहे. वर्डप्रेसमध्ये क्लासिक नावाचा एक डबा मिळतो, तो म्हणजे जुना कोरा कागदच, अख्खी पोस्ट त्या एकाच डब्यात लिहायची. मुलाने स्वतःचं होस्टिंग घेतलं असेल तर क्लासिक एडिटर नावाचं प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकून तो सगळंच जुन्यासारखं करून देऊ शकतो, पाच मिनिटांचं काम. माझे काही विद्यार्थी वर्षानुवर्षं त्यावरच आहेत आणि मस्त लिहितायत. मी स्वतः म्हणेन की नुसतं लिखाण आणि एखादा फोटो असेल तर क्लासिक घ्या आणि मोकळ्या व्हा. रेसिप्यांमध्ये खूप फोटो टाकायचे असतील, पाच फोटो ओळीने, तर डबेवाला प्रकार थोडा शिकून घ्यावा, तिथे तो खरंच बरा पडतो. कुठलाही निर्णय घ्या, जुन्या ब्लॉगचा बॅकअप आधी घेऊन ठेवा आणि नवीन घडी बसेपर्यंत जुना बंद करू नका.

आणि एक, जे मराठीत लिहिणाऱ्यांनाच भोगावं लागतं. शीर्षक देवनागरीत असलं की लिंक पण देवनागरीत तयार होते, आणि ती व्हॉट्सअपवर टाकली की टक्क्याची चिन्हं आणि आकडे यांची लांबलचक शेपटी होते, लोकांना वाटतं व्हायरस पाठवला. प्रत्येक अक्षराचे, प्रत्येक काना-मात्रेचे सुद्धा नऊ नऊ कॅरेक्टर होतात, आणि वर्डप्रेस दोनशेला थांबतं, म्हणजे बावीस-तेवीस चिन्हांच्या पुढचं शीर्षक लिंकमध्ये कापलंच जातं. पब्लिश करायच्या आधी उजवीकडच्या पट्टीत पोस्टच्या सेटिंगमध्ये स्लग किंवा लिंक असं दिसेल, तिथे रोमन अक्षरांत दोनच शब्द लिहा, आजोळ आणि फणस, मधे छोटी रेघ. शीर्षक मराठीतच राहतं, फक्त पत्ता आटोपशीर होतो.

आता असं करा, या आठवड्यात फक्त रफ साइट आणि शिफ्ट-एन्टर, बाकी काही नको. अडलात तर फोनने स्क्रीनचा फोटो काढून इथे टाका, फक्त त्यात पासवर्ड किंवा मेलचा पत्ता दिसत नाही ना ते बघा. आणि ती फाकलेली कविता इथेच साध्या मजकुरात टाका, कुठे शिफ्ट-एन्टर आणि कुठे नुसता एन्टर ते मी ओळीओळीपुढे लिहून देतो.